बिनमिठाचा भात

चैत्रातल्या दुपारी आमच्या पडवीत येणारा उजेड सरळ येत नाही. आधी माडांच्या झावळ्यांतून आणि मग पोफळींच्या दाटीतून गाळला जाऊन, हिरवट आणि ओलसर होऊन तो उंबऱ्याशी पोचतो, आणि त्याच्या मागोमाग पोफळीच्या फुलोऱ्याचा मंद गोडसर गंध आत येतो. त्या उजेडात यंदा एक काचेची पेटी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढे मासे होते, अंगावर निळी झळझळीत रेघ आणि शेपटीकडे लाल छटा असलेले. सगळे एका कोपऱ्यात, एकमेकांना खेटून, तोंडं काचेकडे करून उभे. समुद्रकाठी माझा जन्म गेला, पण जिवंत मासा मी नेहमी टोपलीत तडफडतानाच पाहिलेला; असा स्तब्ध, समोर आलेल्या अन्नाकडे पाठ फिरवून राहिलेला मासा पाहिला की माझ्या जिवाला घोर लागायचा.

घोर माशांचा नव्हता, हे उघडच आहे. तो सायलीचा होता.

सायली माझी सून. माझा मुलगा निरंजन पनवेलला नोकरी करतो, तिथेच दोघांचा संसार. माघात तिचं मूल पोटातच गेलं. सहावा महिना लागला होता. मी जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घड्या घालून ठेवली होती. ती नंतर कुठे ठेवावीत हे मला सुचेना, म्हणून अजून कपाटात वरच्या फळीवरच आहेत. तिच्या माहेरी, पालीला, वडील एकटेच. आई केव्हाच गेलेली. तेव्हा मीच निरंजनला म्हटलं की तिला इकडे आणून सोड. मुरुडपासून एसटीने थोड्या अंतरावर, खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे; सावली आहे, वारा आहे, माणसांची वर्दळ नाही. इथे ती सावरेल, चार घास जेवेल, असं मला वाटलं होतं. माझ्या हातचं खाऊन कोणी बारीक झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

ती आली आणि जेवेनाशीच झाली. पहिल्या दिवशी आमटीचा घास घेऊन तिने हळूच सांगितलं, आई, जरा खारट झालीय. माझा स्वभाव असा की ताट तसंच परत आलं तर तो मला स्वतःचा अपमान वाटतो. पण दुखावलेलं लेकरू आहे म्हणून मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी मीठ निम्म्यावर आणलं. तरी खारट. मग चिमूटभरच घातलं. तरी तेच. आमचे हे बिचारे अळणी आमटी मुकाट्याने ओरपत होते आणि ती मात्र ताटातल्या ताटात घास फिरवत बसायची. शेवटी एका दुपारी तिने नुसता भात तोंडात घेतला आणि चेहरा वाकडा करून म्हणाली की भातही खारट लागतोय.

आमच्याकडे भातात मीठ घालायची रीतच नाही.

तिच्यादेखत मी त्याच भातातला घास खाल्ला, माठातलं पाणी पिऊन पाहिलं, ह्यांनाही प्यायला लावलं. भात भातासारखा होता आणि पाणी नेहमीसारखं गोड. बिनमिठाचा भात खारट लागतो म्हणणाऱ्या मुलीचं काय करायचं? ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशा धक्क्यानंतर तोंडाची चव जाते, मन कुठल्या वाटेने बाहेर येईल सांगता येत नाही, वेळ द्या. आम्ही वेळ देऊ लागलो. तिच्यासमोर नको इतकं हळू बोलू लागलो. ती काही म्हणाली की एकमेकांकडे पाहू लागलो, आणि आम्ही पाहतो हे तिच्या लक्षात येत होतं, म्हणून तिने म्हणणंच सोडून दिलं. येणारे-जाणारे सांगत, सवय होईल, पोरी. मीसुद्धा तिच्या केसांना तेल लावता लावता तेच सांगत होते, सवय होते गं, सगळ्याची सवय होते. तिच्या मानेची हाडं माझ्या बोटांना लागत होती.

मासे निरंजनने आणले. एका शनिवारी येताना अलिबागच्या दुकानातून पेटी, हवा सोडणारं यंत्र, खाण्याची डबी आणि प्लास्टिकच्या पिशवीतले ते चिमुकले जीव घेऊन आला. काहीतरी जिवंत हातात असलं की तिचं मन रमेल, असं त्याला वाटलं असावं. पुरुषांना दुःखावर वस्तू सुचतात आणि त्यात त्यांची माया खोटी नसते. दुकानदाराने सांगून पाठवलं होतं की हे नाजूक मासे आहेत, नळाचंच पाणी घाला, त्यात या बाटलीतले थेंब टाका म्हणजे औषधाचा वास जाईल. हे ऐकून आमच्या ह्यांना हसूच आलं.

कारण आमच्या घरात नळाचं पाणी भांड्यांना असतं. नळयोजना गावात आली तेव्हापासून ते दिवसाआड येतं आणि मोरीत, भांड्यांवर, अंगणातल्या सड्यावर जातं. पोटात जाणारं आणि अंघोळीचं पाणी विहिरीचं. माझ्या सासऱ्यांनी खणलेली ही विहीर गावात गोड्या पाण्याची म्हणून नावाजलेली. खाडी हाकेच्या अंतरावर असून तिच्यात मिठाचा कण नाही, याचं पंचक्रोशीला नवल. कुणाकडे लग्नकार्य निघालं की पंक्तीची डाळ मऊ शिजावी म्हणून इथून हंडे भरून जायचे. सायली नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनेही या पाण्याला तोंडभरून चांगलं म्हटलं होतं आणि त्या एका वाक्यावर तिने ह्यांना कायमचं जिंकलं होतं. तर हे म्हणाले, "माझ्या घरी आलेला जीव विहिरीचंच पाणी पिणार," आणि स्वतः पोहरा सोडून, उपसून, फडक्याने गाळून त्यांनी पेटी भरली. थेंबांची बाटली फडताळात गेली.

नवे मासे दोन दिवस लाजतात, त्यांना अंधार द्या, सारखं बघू नका, असंही दुकानदाराने सांगितलं होतं. आम्ही पेटीवर माझं जुनं लुगडं टाकलं. लुगडं काढल्यावरही ते कोपऱ्यातच होते. डबीतलं खाणं पाण्यावर तरंगायचं, फुगायचं, तळाशी जायचं. निरंजन फोनवरून एकेक उपाय सांगायचा आणि मी तो करायची: खाणं बोटांनी चुरून पीठ केलं, लसणीच्या रसात भिजवलं, अंड्याचा बलक उकडून सुईच्या टोकाने सोडला. दारावर म्हावरं विकायला येणारी पार्वती टोपली उतरवून हा सगळा सोहळा पाहत बसली. "आमी मासं खातो, वयनी," ती म्हणाली, "माशांना भरवाय बसलेलं माणूस पयल्यांदा पायलं." मग तिनेच टोपलीतला चिमूटभर ताजा जवळा काढून दिला. तो चेचून पाण्यात सोडला तेव्हा एक मासा खरोखर पुढे आला. त्याने कण तोंडात घेतला, क्षणभर धरला, आणि बाहेर टाकला.

पेटीजवळ, पायांभोवती हात गुंफून सायली बसलेली होती. तिने ते पाहिलं आणि अगदी सहज, वारा पडला म्हणावं तसं म्हणाली, "त्यांनाही खारट लागत असेल."

पार्वती एकाएकी टोपली सावरून उठली. हे वाडीकडे निघून गेले. मला मात्र त्या वाक्यात तिचं आजारपण आणखी खोल गेल्यासारखं दिसलं. आता ती स्वतःला त्या पेटीतच पाहू लागली आहे असं मला वाटलं, आणि तेव्हापासून मी त्या माशांना नुसतं खायला घालत नव्हते, त्यांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं होतं. हे जगले तर ही जगेल, असा एक वेडा हिशेब माझ्या मनाने मांडला होता आणि मन असले हिशेब मांडू लागलं की त्याला कोण अडवणार.

एके सकाळी त्यातला एक वर आलेला दिसला, कुशीवर. त्याची निळी रेघ विझून करडी झाली होती. सायली उठायच्या आत मी चहाच्या गाळणीने तो उचलला आणि मुठीत धरून मागच्या दाराने निघाले, तर ती मोरीपाशी उभी होती. माझ्या मिटलेल्या मुठीकडे तिने पाहिलं. "कुठे ठेवताय?" एवढंच तिने विचारलं. दवाखान्यात तिचं मूल कोणी कुठे नेलं हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. तो प्रश्न तिने तेव्हा विचारला नव्हता, आत्ता विचारत होती. मी मूठ उघडली. आम्ही दोघींनी जास्वंदीच्या बुडाशी खुरप्याने माती उकरली आणि तो इवलासा जीव त्यात ठेवला. ती रडली नाही. ती इतक्या दिवसांत एकदाही रडली नव्हती, आणि तिच्या न रडण्याचं मला न जेवण्याहूनही भय वाटत होतं.

मग आणखी दोन गेले. तेव्हा माझा धीर सुटला. माणसाच्या हातातले उपाय संपले की तो देवाकडे जातो. देवाच्याही हे आता अंगवळणी पडलं असेल. निरंजनला दोन दिवसांची सुट्टी घेऊन सायलीजवळ थांबायला बोलावलं आणि आम्ही दोघं पालीला बल्लाळेश्वराला गेलो. एसटीच्या खिडकीतून उन्हाने करपलेले डोंगर मागे जात होते, पळस फुलून गळून गेला होता, आणि मी मनातल्या मनात नवस बोलण्यासाठी शब्द जुळवत होते. गाभाऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यातला एकही आठवला नाही. तिला जेवू दे, इतकंच म्हटलं. रात्री मुक्काम सायलीच्या वडिलांकडे केला. त्यांनी एकट्याने पिठलं-भात केला होता. तिला हे पिठलं फार आवडायचं असं सांगत त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. सकाळी निघताना त्यांनी वाटेसाठी पाण्याची बाटली भरून दिली, ती आम्ही घोट घोट करत घरापर्यंत पुरवली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. निरंजन बाजारात गेला होता, सायली आत पडून होती. मी पाय धुतले, माठातून फुलपात्र भरलं आणि तोंडाला लावलं.

घोट घशाखाली उतरेना. मला वाटलं फुलपात्र कळकलं असेल. फुलपात्र विसळून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. जिभेच्या कडांना, गालांच्या आतल्या बाजूला, एक मचूळ, खारट चव सावकाश पसरत गेली, डोळ्यांचं पाणी ओठांवर येतं तशी. मी फुलपात्र ह्यांच्या हातात दिलं. ते प्यायले, थांबले, तोंडातलं पाणी जिभेवर फिरवत उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. फुलपात्र कट्ट्यावर ठेवून ते मागच्या दाराने विहिरीकडे गेले. खिडकीतून मला ते दिसत होते: काठावर दोन्ही हात टेकून, आत वाकून, बराच वेळ. पोहरा त्यांनी सोडला नाही.

एक दिवस, फक्त एक दिवस, जीभ परक्या पाण्यावर राहिली होती.

मग एकेक गोष्ट आपली आपण समोर येऊन उभी राहिली. तूरडाळ कितीही शिजवली तरी दाणा मोडत नव्हता, तेव्हा मी वाण्याने जुनी डाळ दिली म्हणून त्याच्याशी भांडून आले होते. अंघोळीला साबणाला फेस येईना, तेव्हा साबणात आता पूर्वीचा राम राहिला नाही म्हटलं होतं. हंड्यांच्या आत पांढरी पुटं धरत होती, ती चिंचेने घासताना मी हंड्यांना बोल लावला. पोफळींची कोवळी फळं मण्यांसारखी गळून पडत होती आणि हे उन्हाला शिव्या घालत होते. निरंजन आला की तोही दोन घास खाऊन उठायचा, तेव्हा बायकोच्या काळजीने त्याची भूक मेलीय असं मी म्हटलं होतं. प्रत्येक वेळी आम्ही कोणीतरी गुन्हेगार शोधून काढला. विहिरीवर आमच्या मनात एकदाही संशय आला नाही. आणि सायलीची जीभ खरं बोलत होती, तेव्हा आम्ही तिच्या दुःखाला पकडलं. तेवढं एक दुःख आयतंच समोर होतं.

मी चूल पेटवावी तशा घाईने गॅस पेटवला. मोरीतल्या नळाच्या बादलीतून, भांडी घासायच्या त्या पाण्यातून, तांदूळ धुतले, त्याच पाण्यात भात टाकला. वाफेचा वास घरभर झाला. सायलीला हाक मारून बसवलं आणि पुढ्यात नुसता भात वाढला, वर तूपही नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहत, मला बरं वाटावं म्हणून घ्यावा तसा एक छोटा घास घेतला. चावता चावता थांबली.

"पाणी बदललंत?"

"विहीर खारट झालीय गं," मी म्हटलं. "तू म्हणत होतीस ते खरं होतं."

तिने घास गिळला. मग हात तोंडाशी नेला, आणि बोटांच्या आडून तिचा आवाज आला, "आई, मला वाटलं होतं मला वेड लागलंय. मला वाटलं होतं माझं काहीच खरं नाही आता." आणि ती रडू लागली. आधी बारीक, मग गळा काढून, जमिनीवर हात टेकून, पोटातून. त्या रडण्यात विहीर नव्हती आणि भात नव्हता. त्या रडण्यात तिचं मूल होतं. तिला कोणीतरी एका गोष्टीत खरं मानलं होतं आणि त्या उघडलेल्या दारातून बाकीचं सगळं बाहेर येत होतं. बाजारातून आलेला निरंजन पिशवी हातात धरून उंबऱ्यातच उभा राहिला. तिला जवळ घेऊन मी थोपटत होते आणि सवयीने ओठांवर तेच वाक्य आलं होतं, सवय होते गं. ते मी आत ढकललं. त्या रात्री तिने पुढे एकही घास घेतला नाही. भात ताटात निवून गेला.

माशांचं पाणी एकदम बदलू नका, उरलेलेही जातील, असं दुकानदाराने फोनवर बजावलं. तेव्हा रात्रभर ठेवलेलं, थेंब घातलेलं नळाचं पाणी सायली रोज वाटी-वाटीने पेटीत घालायची आणि तितकंच जुनं काढायची. ते काम तिने कोणाला करू दिलं नाही. तरीही त्यातला आणखी एक गेला. तो तिने एकटीने जास्वंदीखाली ठेवला. मग एका दुपारी उरलेल्यांपैकी एक कोपरा सोडून निघाला, बलकाचा कण त्याने तोंडात घेतला आणि आम्ही दोघी श्वास धरून तो बाहेर टाकायची वाट पाहत राहिलो. त्याने टाकला नाही. सायली हसली नाही, पण त्या दिवशी तिने आमटीत कालवून भात खाल्ला आणि ताट घासायला स्वतः उचलून नेलं. आता ती जेवते. पूर्वीसारखी नाही, थोडंच. दुःख कमी झालंय असं मी म्हणणार नाही.

पार्वती पुन्हा आली तेव्हा मला आठवलं की पूर्वी ती दारात टोपली उतरवली की तांब्याभर पाणी मागायची, आणि गेल्या काही महिन्यांपासून कमरेला स्वतःची बाटली लावून येत होती. तिला विचारलं, तर पदराने उगाचच तोंड पुसत म्हणाली, "तुमच्या तोंडावं कसं सांगायचं, वयनी? समद्या गावात नाव तुमच्या बावीचं." तिच्यावर रागावता येईना. त्या नावाचा मान आमच्याइतका गावानेही राखला होता.

उधाणाचं पाणी हल्ली खाडीतून बांध ओलांडून बरंच आत येतं, हे आम्ही पाहत होतोच. जमिनीखालून ते किती आत आलं आहे ते दिसत नव्हतं इतकंच. पोफळी किती तग धरतील कोण जाणे. हे त्याबद्दल बोलत नाहीत. फक्त रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, विहिरीवर जाऊन पोहरा सोडतात, पेलाभर पाणी काढतात आणि पडवीत पेटीजवळ बसलेल्या सायलीपुढे धरतात. स्वतःच्या जिभेवर त्यांचा विश्वास राहिलेला नाही, माझ्याही नाही. "बघ गं, आज कसं आहे?" ते विचारतात. ती एक घोट घेते, नीट चव घेते, डोळे मिटून, आणि सांगते, "खारटच आहे, बाबा." हे मान डोलावतात आणि उरलेलं पाणी अंगणातल्या फरशीवर ओततात, झाडाला नाही.

पाऊस झाला की विहिरी निवळतात, गोड्या होतात, असं लोक सांगतात, आणि तसं झालंही असेल कुठे कुठे. रोजच्या एका घोटाने जीभ हळूहळू खारावते, हेही आता मला ठाऊक आहे. म्हणून ती घोट घेते तेव्हा मी हातातलं काम थांबवून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. एखाद्या संध्याकाळी ती "गोड लागतंय" म्हणाली, तर आनंद मानायचा की घाबरायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.